दुसरं फडकं

एकच धागा होता. कॅमेऱ्यावरच्या काळ्या टोपड्याच्या वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत तिरका गेलेला, आणि त्यावर दवाचे थेंब इतक्या नेमक्या अंतरानं बसलेले की कोणी मोजूनच बसवले असावेत... एकच नव्हे. नीट पाहिल्यावर — आणि नरसिंहराव गुडघ्यांवर हात टेकून आता नीटच पाहत होते — त्याच्यामागे दुसरा होता, तिसरा होता, आणि कोपऱ्यात, काचेपासून बोटभर अंतरावर, गव्हाच्या दाण्याएवढा कोळी पाय आखडून बसला होता. काच स्वच्छ होती. जाळं काचेच्या पुढ्यात होतं. पलीकडे धुकं, अलीकडे जाळं. माणसाला त्यातला फरक कळतो, यंत्राला कळत नाही. एकतीस वर्षांत ते दुसरं काही शिकले नसतील, पण एवढं शिकले होते.

हातात फडकं होतं. शालनच्या जुन्या सुती साडीचं, चौकोनी, चारही कडा दुमडून टीप मारलेलं. नवं कापड काचेवर तंतू सोडतं, दहा वर्षं धुतलेलं सोडत नाही, हे त्यांच्या बायकोला आता संस्थेतल्या कोणाहीपेक्षा चांगलं ठाऊक होतं. मल्लेश्वरमच्या घरातून निघताना ती पिशवीत दोन फडकी घालून द्यायची. पूर्वी एकच असायचं. दुसरं गेल्या तीन महिन्यांतलं, हे दुसरं यंत्र उभं राहिल्यापासूनचं. पहिलं मळून खिशात गेलं होतं. हे दुसरं. याची घडीसुद्धा मोडली नव्हती. हात पुढे गेला आणि थांबला.

थांबला, इतकंच झालं. दोन श्वास, फार तर तीन. मग नरसिंहराव सरळ उभे राहिले, कमरेतून नेहमीची कळ गेली, आणि ते केबिनकडे चालू लागले. गवत ओलं होतं. विमानतळाच्या कुंपणाला लागून, देवनहळ्ळीच्या बाजूला, संस्थेला चाचणीसाठी मिळालेली ही जमिनीची पट्टी; एका अंगाला द्राक्षमळा, दुसऱ्या अंगाला प्लॉट पाडून ठेवलेलं लेआउट, आणि या घडीला दोन्ही पांढऱ्यात बुडालेले. वर कुठेतरी एक विमान घोंघावत होतं. दीडशे-दोनशे माणसं पोटात घेऊन कोणीतरी खाली यायला बघत होता आणि त्याला एकच गोष्ट हवी होती: खाली उतरलो तर धावपट्टी मला किती लांबवर दिसेल? एवढा एक आकडा. तो आकडा बरोबर सांगण्यात नरसिंहरावांचं सगळं आयुष्य गेलं होतं.

त्यांच्या यंत्राला सगळे ‘जोडी’ म्हणायचे. तीस मीटरांवर समोरासमोर दोन खांब. एकातून उजेड निघतो, दुसऱ्यात पोचतो, वाटेत जितका हरवला तितकं धुकं. पाच विमानतळांवर जोड्या उभ्या होत्या. शालनच्या माहेरी बेळगावात कोणी विमानानं आलं-गेलं की ती ऐटीत सांगायची, उतरवलंय आमच्या यांनीच. आणि त्यांच्या हाताखालच्या संहिताचा हा एक खांब. एकच. त्यावर कॅमेरा, आणि तो कॅमेरा काय करतो, तर समोर ओळीनं लावलेल्या दिव्यांतले किती दिसतात ते मोजतो. बस. लहान पोरानं सुचवावं इतकं सोपं... आणि ते लहान पोरानं सुचवलं नव्हतंच. नरसिंहरावांनी सुचवलं होतं.

हो, मीच. पाच वर्षांपूर्वी, कँटीनमध्ये. यंत्रं यायच्या आधी काय करत होते ठाऊक आहे का, मी तिला सांगत होतो, एक माणूस धावपट्टीच्या टोकाला उभा करायचे आणि त्यानं दिवे मोजायचे. माझी नोकरीची पहिली थंडी दिवे मोजण्यात गेली. खरं तर यंत्रानंही माणसासारखे दिवेच मोजायला हवेत. असं म्हणून मी चहाचा घोट घेतला, आणि वाक्य संपलं. माझ्यासाठी संपलं. तिनं ते उचललं, घरी नेलं, पाच वर्षं वाढवलं. आता ते खांबावर चढून बसलंय.

तिनं ते चोरलं असतं तर किती बरं झालं असतं! मग रीतसर भांडता आलं असतं. पण ही पोर प्रत्येक सभेत, प्रत्येक कागदावर पहिलं वाक्य तेच म्हणायची — ही कल्पना मूळची नरसिंहराव सरांची. लोक माना वळवून बघायचे, नरसिंहराव हसायचे, आणि पोटात काहीतरी आंबट वर यायचं. कारण त्या वाक्याचा दुसरा अर्थ सगळ्यांना कळत होता. तुम्हाला सुचलं होतं ना? मग तुम्ही काय करत होता इतकी वर्षं?

संहिता पुण्याची. तिला संस्थेत घेतलं ते त्यांनीच. मुलाखतीच्या टेबलावर पाचांतले तिघे दुसऱ्याच्या बाजूनं असताना नरसिंहराव हट्टाला पेटले होते. हुशार होतीच, पण खरं सांगायचं तर कानाला मराठी गोड लागली होती. त्यांच्या घराण्याला या मुलखात साडेतीनशे वर्षं झालेली, घरात मराठी होती पण अर्धी कानडीत भिजलेली. ऑफिसात तर बोलायला कोणीच नव्हतं. पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली होती, सर, तुमचं मराठी किती क्यूट आहे. ते हसले होते. घरी येऊन शालनला सांगताना पुन्हा हसले होते. आणि त्यानंतर तिच्याशी बोलताना प्रत्येक वाक्य तोंडात एकदा फिरवून मगच बाहेर काढायची सवय जी लागली ती अजून गेली नव्हती.

केबिनमध्ये पोचून त्यांनी थर्मासमधली कॉफी ओतली. घड्याळात सव्वासहा. समिती साडेसातला येणार होती, धुकं असतानाच, दोन्ही यंत्रं शेजारी शेजारी बघायला. आज नव्वदावा दिवस. एकोणनव्वद दिवस संहिताचा खांब जोडीच्या पावलावर पाऊल टाकून चालला होता. आज समितीसमोर चालला की जोड्या उतरणार आणि त्यांच्या जागी एकेक खांब उभा राहणार. नाही चालला तर आणखी एक हिवाळा थांबायचं, आणि पुढच्या हिवाळ्याच्या आत नरसिंहराव निवृत्त होणार. म्हणजे निदान जोडी उभी असताना जाता आलं असतं. एवढंच हवं होतं. फार होतं का ते?

अजून वेळ होता. शंभर पावलांवर तर खांब. उठायचं, जायचं, पुसायचं... पण कॉफी गरम होती आणि ते बसून राहिले.

आणि मी काही केलेलं नाही. जाळं मी विणलं नाही, कोळी मी सोडला नाही. तिचं यंत्र, तिनं बघावं. जाळ्यामुळे होऊन होऊन होणार काय — दिसतं त्याहून कमी दिसतंय असं यंत्र सांगेल. सुरक्षित बाजूची चूक. विमान उतरणार नाही, चेन्नईला जाईल, माणसं चार शिव्या देतील. मरणार तर कोणी नाही. चाचणीत तर तेही नाही, कारण तिचा आकडा अजून कोणा वैमानिकाला जातच नाही... असं सगळं अगदी रीतसर, मुद्द्याला मुद्दा लावून, नरसिंहरावांनी स्वतःला पटवून दिलं. पटतही होतं. फक्त मध्ये मध्ये गुरुराज अण्णा येत होते.

गुरुराज अण्णा हे संस्थेतले जुने मेकॅनिक. बारा वर्षांपूर्वी गेले. काचा पुसायची रीत त्यांची: सकाळी जो पहिला पोचेल त्यानं सगळ्या काचा पुसायच्या, यंत्र कोणाचं हे विचारायचं नाही. कागदावर कुठेही लिहिलेलं नव्हतं, पण मोडलेलं कोणी पाहिलं नव्हतं. जोडी नवी असताना एकदा अशाच जाळ्यानं तिला फसवलं होतं. स्वच्छ सकाळ, लख्ख ऊन, आणि जोडी धुकं धुकं म्हणून ओरडत होती. त्यांना ती गंमत वाटली. अण्णांना वाटली नाही. ते म्हणाले होते, “खोटं धुकं दाखवणारं यंत्र खरं धुकं दाखवेल तेव्हा त्याचं कोण ऐकणार रे? तेव्हा उतरतील की सगळे.” मग धोतराच्या सोग्यानं काच पुसली, आणि वर म्हणाले, स्वल्प वाकायला काय होतं तुला.

स्वल्प वाकलो होतो की मी, अण्णा. वाकून पाहिलं की!

बाहेर गाड्यांची दारं वाजली. साडेसात. संहिता पुढे, डोक्याला मफलर, हातात लॅपटॉप. मागे समितीची तीन माणसं, अध्यक्ष सौम्या मॅडम त्यांत. संहिताचे डोळे सुजलेले. झोपली नसणार. तिनं त्यांच्याकडे बघून मान हलवली, नेहमीसारखी, आणि नरसिंहरावांना वाटलं की आता सांगावं — अगं, थांब, तुझ्या टोपड्यात जाळं आहे. दोन शब्दांचं काम. पण ती सौम्या मॅडमना काहीतरी समजावत होती, झरझर, चुणचुणीत इंग्रजीत, आणि मॅडम ऐकत होत्या, खरंच ऐकत होत्या, पुढे झुकून. नरसिंहरावांचं असं पुढे झुकून कोणी ऐकल्याला किती वर्षं झाली होती? ते दोन शब्द आले तिथूनच परत गेले.

पडद्यावर आकडे उजळले. डावीकडे जोडी, उजवीकडे खांब. जोडी म्हणत होती, पाचशे चाळीस मीटर. नरसिंहरावांनी उजवीकडे बघायचं टाळलं. साडेतीनशे असेल, मनात हिशेब तयार होता, फार तर चारशे. मग सौम्या मॅडमनी मोठ्यानं वाचलं — पाचशे तीस.

पाचशे तीस? त्यांनी बघितलं. पाचशे तीस. आकड्याच्या शेजारी एक बारीक पिवळी खूण.

ही खूण कसली, मॅडमनी विचारलं, आणि संहिता सांगू लागली. कॅमेऱ्याच्या अगदी तोंडाशी काही आलं, जाळं, किडा, चिखलाचा शिंतोडा, तर ते जवळचं आहे हे यंत्र ओळखतं, तेवढा भाग बाजूला ठेवतं आणि उरलेल्यावर दिवे मोजतं; शिवाय त्या क्षणाचं चित्र साठवून ठेवतं, माणसानं नंतर येऊन पुसावं म्हणून. थांबा, दाखवते, असं म्हणून तिनं बोट फिरवलं. चित्र उघडलं.

जाळं होतं. दवाचे थेंब. आणि जाळ्याच्या पलीकडे, सगळा पडदा भरून, नरसिंहरावांचा चेहरा.

कानटोपी, चष्म्यावर धुक्याची वाफ, ओठ किंचित उघडे. खाली कोपऱ्यात पांढऱ्या फडक्याचं टोक आणि वेळ — सहा वाजून नऊ मिनिटं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. इथे चांदणं नव्हे, सर्चलाइटच होता. फडकं हातात आहे, जाळं समोर आहे, आणि साडेसात वाजले तरी जाळं तिथंच आहे. दुसरीतल्या पोरालाही जमेल असं गणित. आता, नरसिंहरावांनी मनाशी म्हटलं. आता झालं. आणि नवल असं की भीतीच्या तळाशी काहीतरी हलकंही वाटलं.

संहिता चित्राकडे बघत होती. दोन श्वास, फार तर तीन. मग ती समितीकडे वळली आणि म्हणाली की काचा पुसायची रीत इथं सरांचीच आहे, रोज पहाटे सर दोन्ही यंत्रं स्वतः पुसतात. आज मात्र त्यांनी जाळं पाहिलं आणि मुद्दाम तसंच ठेवलं. परीक्षा घ्यायला. यापेक्षा कडक परीक्षा तिला स्वतःला सुचली नसती.

सौम्या मॅडम हसल्या. त्यांनी नरसिंहरावांचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या की धाकट्याच्या कामाची अशी निर्दय परीक्षा घेणारे थोरले आता उरले नाहीत, हे टिपणात लिहायलाच हवं. लिहिलंही. बरोबरच्या दोघांनी माना डोलावल्या. आणि नरसिंहराव — नरसिंहरावही हसले. अकरा वर्षांत पहिल्यांदा एखादी समिती त्यांचं नाव टिपणात लिहीत होती. जे केलं नाही त्याबद्दल.

पुढचं सगळं भराभर झालं. खांब मंजूर. पाचही विमानतळ, टप्प्याटप्प्यानं. जोडी काढून एक संच संस्थेच्या दर्शनी दालनात ठेवावा अशी कोणीतरी सूचना केली, आणि नरसिंहरावांनी ती उचलून धरली. आपलाच आवाज त्यांना शेजारच्या खोलीतून आल्यासारखा ऐकू आला. साडेआठपर्यंत धुकं फाटलं, द्राक्षमळा दिसायला लागला, एकापाठोपाठ एक विमानं उतरू लागली. समिती गेली. केबिनमध्ये दोघंच उरले. संहितानं कागदी कपात चहा ओतला.

बोलायचं तर हीच वेळ. त्यांनी वाक्य तोंडात फिरवून घेतलं नाही, जसं आलं तसं काढलं. “संहिता, ते जाळं मी... परीक्षा म्हणून नव्हतं ग ते.”

ती कप त्यांच्या हातात देत होती. कप हलला नाही, हातही हलला नाही.

“सर, चहा गार होतोय,” ती म्हणाली. मग खिडकीबाहेर बघत, “जाळं राहू देऊ का आजच्या दिवस? मला अजून थोडा डेटा मिळेल.”

राहू दे, ते म्हणाले.

परतीच्या गाडीत फोन वाजला. तिनं तोच फोटो पाठवला होता, आणि खाली — सर, हा रिपोर्टमध्ये घालू का? तुमची परवानगी हवी. त्यांनी फोटो मोठा केला. फोटोतले डोळे मोठे केले. आणखी मोठे. हेब्बाळच्या पुलावर गाडी अडकली होती आणि मागचा बसवाला हॉर्नवर हात ठेवूनच बसला होता, पण नरसिंहराव शोधत होते. त्या क्षणी काय चाललं होतं ते त्यांना पुरतं ठाऊक होतं. त्या चेहऱ्याच्या आत पाच वर्षांचं आंबट साचलेलं होतं, त्या डोळ्यांना ती पोर पडायला हवी होती, आज, सगळ्यांसमोर, तोंडघशी. मग ते दिसत का नाही? कितीही मोठं केलं तरी एक म्हातारा माणूस दिसत होता, वाकलेला, जरा काळजीत, पाळण्यात झोपलेल्या नातवंडाकडे बघावं तसा बघणारा. कोणीही म्हटलं असतं, किती जीव आहे बघा यांचा कामावर.

तिनं काय पाहिलं असेल? दोन श्वास ती थांबली होती. त्या दोन श्वासांत तिला कळलं असेल तर तिनं मला वाचवलं, सगळ्यांदेखत, आणि पुन्हा कधी बोलणार नाही. ती माझ्याहून हुशार तर आहेच, चांगलीही आहे, आणि तेही आता गिळायचं. सकाळपासून नरसिंहरावांना भीती होती ती हीच, तिला कळेल याची. आता गाडी सदाशिवनगरच्या उतारावरून घरंगळत असताना त्यांच्या ध्यानात आलं की ती भीती केव्हाच उलटी फिरली आहे. तिला कळलं नसेल तर? खरंच तिला परीक्षाच वाटली असेल तर? मग आज सकाळी तिथं कोणी नव्हतंच. एकतीस वर्षं दुसऱ्याला काय दिसतं ते मोजलं, आणि एकदाच, एकदाच आपण जसे आहोत तसे एका काचेसमोर उभे राहिलो, तर काचेनं जाळं टिपलं.

परवानगीला त्यांनी उत्तर लिहिलं नाही. नाही असंही लिहिलं नाही.

घरी शालन मागच्या अंगणात धुण्याच्या दगडाशी होती. दुपारचं ऊन भिंतीवरून उतरून तिच्या पाठीवर आलं होतं. त्यांनी पिशवी पुढे केली, रोजच्यासारखी. तिनं पहिलं फडकं बादलीत टाकलं. दुसरं हातात घेतलं, उलटून पाहिलं, उन्हात धरलं. घडी जशीच्या तशी.

“हे आज मळलंच नाही की,” ती म्हणाली.

“नाही.”

“सरी, बरं तर,” शालन म्हणाली, आणि ते फडकं बाजूला, कोरड्या दगडावर ठेवून पहिल्याला साबण लावू लागली.

आत जेवणाचं ताट झाकून ठेवलेलं असणार. पाय दुखत होते, पहाटेपासून उभं राहणं झालं होतं, जोडे काढून सरळ आत जाऊन बसायला काहीच हरकत नव्हती. पण नरसिंहराव तिथंच उभे राहिले, तिच्या पाठीमागे, भिंतीला हात टेकून... ती मान वळवेल आणि विचारेल, का नाही मळलं? इतकंच. मग सगळं सांगता येईल, अगदी सुरुवातीपासून, त्या एका धाग्यापासून. ती फडकं घासत होती, पिळत होती, पुन्हा घासत होती. एकवीस वर्षांच्या संसारात तिला गप्प बसायला सांगितलेल्या सगळ्या वेळा त्यांना आठवत होत्या, आणि आता ते तिच्या पाठीकडे बघत होते, विचार, विचार की ग, एकदा विचार.